एकट्या पुतळीची साक्ष

हौशी : माझा दावा सरळ आहे. पणजीच्या माळेतली ही पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकाट. दोन माणसं पाहा. एक उभा आहे, डोक्यामागे वलय आहे. दुसरा त्याच्यापुढे गुडघा टेकून आहे. मधे ध्वजाची काठी, आणि ती दोघांनीही धरली आहे. उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षक. गुडघा टेकलेला तो डोज, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख. आता उलटून पाहा. बदामाच्या आकाराच्या चौकटीत उभी आकृती आणि भोवती तारे. तो येशू ख्रिस्त. हे नाणं पाडायचं व्हेनिसने १२८४ साली ठरवलं, जोव्हान्नी दांदोलो डोज असताना. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवलं. मधली पाचशे वर्षं चित्र तेच राहिलं, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास राहिलं आणि सोनं शंभर नंबरी राहिलं. आपल्याकडचा होनही साधारण तेवढ्याच वजनाचा, त्यामुळे इथल्या सराफाला हे नाणं परकं वाटायचं कारण नव्हतं. कैरो आणि अलेप्पोच्या बाजारांतून, तांबड्या समुद्राच्या आणि बसऱ्याच्या वाटेने ते सुरतेला, गोव्याला, मलबारला आलं. मिरी आणि कापड न्यायला येणाऱ्यांकडे आपल्याला हवा असा माल फारसा नसे. सोनं-चांदीच मोजावी लागे. जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे. तिच्यात मोहरांच्या शेजारी पुतळ्या आहेत. एवढं सगळं जुळत असताना शंका घ्यायची ती कशाची?

चिकित्सक : तुमच्या बोलण्यातलं काहीच मी खोडत नाही. पण तुम्ही सांगितलात तो डुकाटाचा इतिहास. या पुतळीचा इतिहास तोच आहे का, हे अजून ठरायचं आहे. भिंग घ्या आणि चित्राकडे नंतर बघा, आधी कडेची अक्षरं बघा. डुकाटावर या दोन माणसांच्या चित्राच्या एका अंगाला संत मार्कचं नाव असतं आणि दुसऱ्या अंगाला त्या वेळच्या डोजचं. ध्वजाच्या काठीला लागून एकाखाली एक तीन अक्षरं असतात, त्या डोजच्या पदवीची. पाचशे वर्षांत त्या नाण्यावर बदललं ते मुख्यतः डोजचं नाव. म्हणून ओळख पटवताना पहिल्यांदा वाचायचं तेच. लोरेदान, मोचेनिगो, रेनिएर, शेवटचा मानिन, असं काहीतरी तिथे तुटक का होईना, लागलं पाहिजे. नाण्यावर साल नसतं, त्यामुळे काळ ठरवायला दुसरा आधारही नाही. अठराव्या शतकात तर आल्विझे मोचेनिगो याच नावाचे तीन डोज होऊन गेले. म्हणजे नाव लागलं तरी काम संपत नाही. इथे तर नावच लागत नाही. काय दिसतं सांगा. उभ्या काड्या, मधे एक गोल, पुन्हा काड्या, एक कोन, पुन्हा गोल. एस हे अक्षर एके ठिकाणी आहे, पण आरशात बघावं तसं उलटं. काठीला लागून तीन अक्षरं हवीत, तिथे तीन ठिपके आहेत. माझ्या मते ही पुतळी व्हेनिसच्या टाकसाळीतून निघालेली नाही. ती कुणा कारागिराने, समोर डुकाट ठेवून किंवा डुकाटाची नक्कल समोर ठेवून, घडवलेली आहे.

हौशी : ही पुतळी तीन-चार पिढ्यांच्या गळ्यात होती. सणासुदीला निघायची, रिठ्याच्या पाण्यात धुतली जायची, घासली जायची, पुन्हा डब्यात जायची. शंभर नंबरी सोनं मऊ असतं. अक्षरं झिजून काड्या झाल्या असतील तर नवल काय? शिवाय टाकसाळीत काय सगळे ठसे सारखेच उठतात? घाईत पडलेलं, अर्धवट उठलेलं नाणं व्हेनिसहूनही निघालं असेल. एखादं अक्षर लागलं नाही म्हणून तुम्ही त्या वस्तूचं गोत्रच बदलून टाकता. मला हे घाईचं वाटतं. आपल्या लोकांच्या हाती काही मोलाचं लागलं की आधी ते खोटं ठरवायचं, ही शंकेची सवय मला मान्य नाही.

चिकित्सक : शंका तुमच्या पणजीवर नाही. झीज आणि अज्ञान यांतला फरक धातूवर दिसतो, म्हणून मी बोलतो आहे. झीज आधी उंचवट्यांवर होते. चेहरे सपाट होतात, गुडघा पुसट होतो, वलय जातं. कडेची अक्षरं मण्यांच्या वर्तुळाच्या आडोशाला असतात, ती त्या मानाने उशिरा जातात. इथे नेमकं उलट आहे. डोजच्या झग्याच्या घडीवर ठिपक्यांची एक ओळ आहे, ती अजून मोजता येते. काड्यांच्या कडाही तीक्ष्ण आहेत. म्हणजे त्या कधीच अक्षरं नव्हत्या. झीज असलेलं पुसते, नसलेलं निर्माण करत नाही. उलट्या एसचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. ठसा खोदताना सगळं उलटं आणि खोलगट खोदावं लागतं, तेव्हा नाण्यावर ते सुलट आणि उठावाचं येतं. लिपी येत असलेला खोदणारा अक्षर उलटं खोदतो. लिपी न येणारा समोर दिसतं तसंच खोदतो आणि नाण्यावर ते उलटं पडतं. आता व्हेनिसच्या टाकसाळीत ठसा खोदणाऱ्याला लॅटिन अक्षरं येत नव्हती, असं म्हणायला मी धजणार नाही. आणखी एक सांगतो. अशा नकलेची पुन्हा नक्कल होते. दर फेरीत अक्षरं आणखी काड्या होतात आणि माणसं आणखी आपल्यासारखी दिसू लागतात. ही कितव्या फेरीतली आहे, हे मी सांगू शकत नाही. पहिल्या फेरीतली नसावी, एवढंच वाटतं.

हौशी : समजा, तुमचं हे खरं धरलं. मग मी सोन्याकडे येतो. कसोटीवर घासून पाहिलं, कस उत्तम लागला. सराफाच्या कॅरेट मशीननेही आकडा वरचाच दिला. पाण्यात वजन करून बघायची जुनी रीत तुम्हीच सांगता, तीही करू. खोटं नाणं पाडणारा चोरी कशात करतो? धातूत करतो. आत तांबं घालतो, वर मुलामा देतो. इथे तर धातू पुरेपूर आहे. ज्याने ही पुतळी घेतली, त्याचं गुंजभरही नुकसान झालं नाही. मग हिला नक्कल कशाला म्हणायचं? जगाने डुकाटाची उचल किती केली ते पाहा. इजिप्तच्या बार्सबाय सुलतानाने १४२५ मध्ये अशरफी पाडली, ती डुकाटाच्या वजनाला धरून. पंधराव्या शतकातच उस्मानी तुर्कांनी आपली सुलतानी पाडली, तिचंही वजन तेच. ऱ्होड्स बेटावरच्या नाइट्सनी तर चित्रच उचललं आणि डोजच्या जागी आपल्या प्रमुखाला बसवलं. त्यांना कुणी खोटारडे म्हणत नाही. मग आमच्याच सोनाराने तेच केलं तर त्याला वेगळा न्याय का?

चिकित्सक : आधी पाण्याचं बघू, कारण तिथे आकडे बोलतात. साडेतीन ग्रॅम शुद्ध सोनं पाण्यात बुडवून तोललं तर वजन साधारण ०.१८ ग्रॅमने कमी भरतं. बावीस कॅरेटचं असेल तर ०.२० ग्रॅमने. मुलामा दिलेलं पितळ असेल तर ०.४० च्या पुढे. म्हणजे पितळ लगेच उघडं पडतं. पण शुद्ध सोनं आणि बावीस कॅरेट यांतला फरक कळायला मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. त्यात ओवायच्या कडीचं सोनं वेगळं, ती जोडणाऱ्या डागाचं वेगळं, ते हिशेब बिघडवतात. कॅरेट मशीन वरवरचा थर वाचतं, आतलं नाही. तेव्हा ‘सोनं चांगलं आहे’ हे मी मान्य करतो, ‘शंभर नंबरी आहे’ हे अजून नाही. आता तुमच्या सुलतानांकडे येतो. अशरफीने वजन घेतलं, तोंडवळा घेतला नाही. तिच्यावर सुलतानाचं स्वतःचं नाव होतं. ऱ्होड्सने तोंडवळा घेतला, पण नाव आपलं घातलं. दोन्ही ठिकाणी नाणं कमी भरलं तर कुणाच्या दारात जायचं, हे लोकांना ठाऊक होतं. या पुतळीवर नाव म्हणून जे आहे ते कुणाचंच नाही. कमी भरली तर जाब कुणाला विचारणार? मला नाण्याची ओळख इथे दिसते. सोनं हा त्याचा एक भाग झाला. त्याच्यामागे कुणीतरी उत्तर द्यायला उभं असावं लागतं. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर स्वतःचं नाव घातलं. चालत्या नाण्याची हुबेहूब नक्कल करून व्यवहार भागला असता. पण राज्य उभं राहिलं हे सांगायला नावच लागलं.

हौशी : महाराजांचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर मी त्यांच्यानंतरच्या काळाचं देतो. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता हिंदुस्थानभर पसरली. त्या काळात मराठी मुलखातल्या टाकसाळींतून जो रुपया निघाला, त्याच्यावर नाव कुणाचं होतं? दिल्लीच्या बादशहाचं. चांदवडी रुपया घ्या, अंकुशी घ्या. मजकूर फारसी आणि नाव मोगल बादशहाचं, तेही ज्याला मराठ्यांनीच आधार देऊन तख्तावर ठेवला होता त्याचं. ठसा खोदणाऱ्याला फारसी कितपत येत होती, याचीही शंका यावी असे रुपये त्यांत आहेत. अक्षरं तुटलेली, अर्धी चकतीबाहेर गेलेली. त्या रुपयाला आपण खोटा म्हणतो का? म्हणत नाही. त्या नावावर लोकांचा विश्वास बसला होता, म्हणून ते नाव चालू ठेवलं. पुढे सराफ बसलेलाच होता. तो प्रत्येक रुपया पारखायचा आणि बट्टा लावून त्याची किंमत ठरवायचा. विश्वास नावावर होता तेवढाच सराफाच्या पारखीवर होता. मग संत मार्कचा तोंडवळा लोकांच्या ओळखीचा झाला, म्हणून सोनाराने तो चालू ठेवला, यात वेगळं काय झालं? आणि ही रीत कालची नाही. तेरला उत्खननात रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला निघाल्या. रोमच्या बादशहाचा चेहरा आणि वर दोरा ओवायला कडी. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात माणसं परदेशी नाण्याचा मुखवटा गळ्यात घालत होती.

चिकित्सक : रुपयाचं तुमचं उदाहरण वजनदार आहे. त्याने माझं म्हणणं मला नीट मांडावं लागेल. चांदवडी रुपयावर नाव बादशहाचं होतं, पण टाकसाळ सनद घेऊन चालत होती. अंकुशी रुपयावर जो अंकुश आहे, तो ठशात मुद्दाम घातलेला. सराफ नाव वाचत नसे, तो अंकुश बघत असे. म्हणजे जबाबदारीची खूण तिथेही होती, फक्त ती नावात नव्हती. या पुतळीवर तशी खूण मला सापडत नाही. तेरचं उदाहरण मात्र मी वेगळ्या अंगाने घेतो, कारण ते तुमच्या बाजूचं आहे आणि माझ्याही. मातीचा तुकडा सोन्याचं नाणं म्हणून कुणीच स्वीकारणार नाही. तेव्हा तो फसवायला केलेला नाही, घालायला केलेला आहे. तिथे चेहऱ्यालाच मोल होतं, धातूला नाही. पुतळीची पंचाईत अशी, की तिला दोन्ही मोलं आहेत. ती गळ्यातही शोभते आणि अडल्यावेळी सराफाकडेही चालते. म्हणून तीन प्रश्न सुटे सुटे विचारायला हवेत. धातू काय, केली कुणी आणि वापरली कशासाठी. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळालं, असं धरता येत नाही. तुम्ही धातूचं उत्तर घेऊन टाकसाळ ठरवलीत. मी अक्षरांवरून कारागीर ठरवला. वापराचं आपण दोघांनीही अजून काहीच ठरवलेलं नाही.

हौशी : वापराचं उत्तर तर समोर आहे. कडी आहे. कडी आहे म्हणजे दागिना.

चिकित्सक : कडी खऱ्या डुकाटालाही लागली. इथे आलेल्या खऱ्या डुकाटांतलेही कितीतरी शेवटी माळेतच गेले. कडी कुठे डागली आहे ते पाहा. मण्यांचं वर्तुळ डागाच्या खाली तसंच पुढे गेलेलं दिसतं. म्हणजे चकती आधी छापली आणि कडी मागून बसवली. पण ‘मागून’ म्हणजे त्याच दुपारी, त्याच सोनाराने, की पन्नास वर्षं बाजारात फिरून आल्यावर? ते डाग सांगत नाही. मागच्या बाजूची झीज कातडीला घासून झाली की थैलीत दुसऱ्या नाण्यांना घासून, हेही एका पुतळीवरून मी छातीठोक सांगू शकत नाही.

हौशी : मग मी जिने घातली तिच्याकडून सुरुवात करतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांत ती कुठेच नाही. धातू सोनाराचा, घडण कारागिराची, वापर बाजाराचा. पण ही माळ ज्या बाईची होती, तिच्या लेखी या दोन आकृती कोण होत्या? आमच्या घरात सांगत आले की राम आणि सीता. ठिकठिकाणी लोकांनी या चित्रात आपापली माणसं पाहिली. तमिळ मुलखात या नाण्याला शाणार काशू म्हणत. उंच काठी आणि तिच्याशी लगटलेला माणूस त्यांना ताडावर चढणारा ताडी काढणारा वाटला. व्हेनिसने संत मार्क कोरला, तिथे लोकांनी शाणार पाहिला, आमच्याकडे राम पाहिला. ही काय चुकीची ओळख म्हणायची? संत मार्कचं नाव जिच्या कानावरही आलं नव्हतं, तिच्या गळ्यात संत मार्क होता असं म्हणणं मला अपुरं वाटतं. वस्तूची ओळख ती कुठून निघाली यावर ठरते, तशी ती कुठे पोचली यावरही ठरते. आजच्या पुतळीहारात तर सरळ लक्ष्मीच उठवलेली असते. म्हणजे शेवटी सोनाराने लोकांच्या नजरेला मान दिला आणि चित्रच बदललं. तो बदल जिच्यापासून सुरू झाला, त्या नजरेला पुरावा म्हणून काही किंमत आहे की नाही?

चिकित्सक : किंमत आहे, आणि मोठी आहे. घरात राम-सीता म्हणत, ही नोंद मी पहिल्या पानावर लिहीन. पण ‘घरात राम-सीता म्हणत’ असं लिहीन, ‘ही राम-सीतेची पुतळी’ असं लिहिणार नाही. या दोन वाक्यांतलं अंतर मी का सोडत नाही, तेही सांगतो. रामदरबाराचं चित्र असलेली जाड तांब्या-पितळेची नाणी तुम्ही पाहिली असतील. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा आणि साल १८१८. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. साऱ्या कंपनीच्या मुलखाला एक चलन आलं तेच मुळी १८३५ च्या कायद्याने. या वस्तू देवदर्शनाच्या ठिकाणी भाविकांसाठी विकल्या गेल्या. घरी देव्हाऱ्यात ठेवायच्या म्हणून लोकांनी घेतल्या. तिथपर्यंत काहीच वाईट नाही. पण पुढे तोच तुकडा ‘दोनशे वर्षांपूर्वीचं दुर्मीळ नाणं’ झाला. मग त्याच्यात दैवी शक्ती आली, तो तांदूळ ओढून घेतो अशी आवई उठली. असल्या धातूच्या नावाखाली लोकांची आयुष्याची पुंजी लुटली गेली आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले. कथा चांगली असली की ती वस्तूला चिकटते आणि विकणारा वस्तूऐवजी कथेचे पैसे घेतो. म्हणून श्रद्धेची नोंद आणि वस्तूची नोंद मी एका ओळीत लिहीत नाही.

हौशी : तुमच्याच उदाहरणातून मला माझं उत्तर मिळतं. तो रामदरबाराचा तुकडा घडवणाऱ्याने फसवलं नाही, देव्हाऱ्यात ठेवणाऱ्याने फसवलं नाही. फसवलं ते दावा करणाऱ्याने. वस्तू तीच राहिली, दावा बदलला. म्हणजे खोटेपणा वस्तूत नसतो, तिच्याबद्दल केलेल्या विधानात असतो. मग माझी पुतळी खोटी होऊच शकत नाही. ‘ही व्हेनिसच्या टाकसाळीची’ हे विधान टिकलं नाही, ते मी मागे घेतो. ‘ही व्हेनिसच्या नाण्यावरून मराठी मुलखात घडलेली पुतळी’ हे विधान करतो. ते पहिल्याहून कमी मोलाचं आहे, असं मला आता वाटत नाही. व्हेनिसचे डुकाट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आमच्या कुणा अनाम कारागिराने, न कळणाऱ्या लिपीशी झटून, आपल्या हाताने खोदलेला संत मार्क किती ठिकाणी नोंदवलेला आहे?

चिकित्सक : तुमच्या दुसऱ्या विधानाशी मी बराचसा सहमत आहे. ‘मराठी मुलखात’ एवढे शब्द मात्र थोडे थांबवा. अशा नकला केरळातही झाल्या, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरही झाल्या. माळ मराठी मुलखात गाठवली गेली, एवढंच आपल्याला माहीत आहे. आणि खोटेपणा फक्त विधानात असतो, हे मला पूर्ण पटत नाही. काही वस्तू फसवण्यासाठीच घडतात. साच्यात ओतलेले डुकाट, मुद्दाम घासून, काळवंडवून जुने केलेले, आजही विकायला येतात. त्यांच्याबद्दल कुणी तोंडही उघडायच्या आत त्यांची झीजच खोटं बोलत असते. म्हणजे हेतू धातूत उतरू शकतो. प्रश्न एवढाच, की या पुतळीत कोणता हेतू उतरला आहे? डुकाट म्हणून खपवायचा की पुतळी म्हणून मिरवायचा? सोनं चांगलं आहे, यावरून खपवण्याचा हेतू नव्हता असं तुम्ही म्हणाल. पण चांगल्या सोन्याचं नाणं घडवूनही फायदा होतो. चालत्या नाण्याला त्यातल्या सोन्यापेक्षा थोडा जास्त भाव मिळत असेल, तर तेवढ्या वाढीव भावासाठीही कुणी नक्कल करील. उलट हलकं सोनं वापरणारा सोनारही गिऱ्हाइकाला आधी सांगून, तिच्या ऐपतीप्रमाणे, प्रामाणिकपणे माळ करून देत असेल. कस बघून हेतू ठरत नाही.

हौशी : मग कशावरून ठरतो? तुम्ही प्रत्येक दार उघडता आणि पुढे कुलूप दाखवता. अक्षरांवरून कारागीर कळतो, हेतू कळत नाही. कडीवरून दागिना कळतो, काळ कळत नाही. सोन्यावरून किंमत कळते, प्रामाणिकपणा कळत नाही. असा कुठलाच पुरावा नाही का, जो निदान बराचसा निर्णय देईल?

चिकित्सक : आहे. तो या पुतळीत नाही, माळेत आहे. माळेतल्या सगळ्या पुतळ्या ओळीने मांडायच्या आणि एकेकीची अक्षरं, ठिपके, तारे ताडून बघायचे. सगळ्या एकाच ठशातून उठलेल्या निघाल्या, तीच काडी तशीच वाकडी, तोच एस तसाच उलटा, तर एका सोनाराने एका बैठकीत, एका गिऱ्हाइकासाठी केलेली ती माळ. म्हणजे दागिनाच, पहिल्या दिवसापासून. उलट प्रत्येक पुतळी वेगळी निघाली, एकीवर लोरेदान वाचता आला, दुसरीवर मोचेनिगो, तिसरीवर नुसत्या काड्या, एक जड, एक हलकी, तर त्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या. त्या घरात पैसा जसा आला तशी माळ वाढत गेली, आणि ही काड्यांची पुतळी कधीतरी खऱ्या डुकाटांच्या रांगेत चालून गेली. त्या स्थितीत ती नाणंही होती, दागिनाही होती आणि सराफाची नजर चुकवून आलेली पाहुणीही होती. माळ अखंड असती तर या दोहोंतलं कोणतं, हे पुष्कळ अंशी सांगता आलं असतं. बाकीच्या पुतळ्या कुठे आहेत?

हौशी : वाटण्या झाल्या तेव्हा माळ तोडली. प्रत्येक मुलीला सारख्या वजनाचं सोनं यावं म्हणून पुतळ्या तोलून वाटल्या. कुणी बांगड्या करून घेतल्या, कुणी घराच्या बांधकामाला मोडल्या. पटवेकऱ्याने नवीन रेशमात गाठवून दिलेली एक छोटी माळ दुसऱ्या घरी गेली, तीही पुढे गेली. ही एक राहिली, ती खूण म्हणून. आम्ही सगळे त्या पुतळ्यांकडे तोळ्या-माशांच्या हिशेबाने बघत होतो. अडीअडचणीला सोनं कामी आलं, याचं मला वाईट वाटत नाही. स्त्रीधन त्यासाठीच असतं. त्या बाईने ते जपलं ते अडल्यावेळी मोडता यावं म्हणूनच. पण त्या पुतळ्यांच्या नोंदीचा एक कागदही आमच्याकडे नाही, हे मात्र आज जड वाटतं.

चिकित्सक : मोडण्याला माझाही विरोध नाही. संसाराच्या गरजेपुढे नाणकशास्त्राने हटून बसू नये. पण मोडण्याच्या आदल्या दिवशी जे करता आलं असतं, त्याला काहीच खर्च नव्हता. म्हणून माझं शेवटचं म्हणणं या पुतळीबद्दल नाही. ती डुकाट नाही, एवढं मी ठामपणे सांगतो. ती कुणी आणि कशासाठी घडवली, यावर आपलं एकमत झालेलं नाही आणि एकट्या पुतळीच्या साक्षीवर ते होणारही नाही.

हौशी : आणि माझं म्हणणं असं, की एकमत झालं नाही तरी तिला संग्रहालयात ‘नकली डुकाट’ अशी चिठ्ठी लावलेली मी मान्य करणार नाही. ‘पुतळी’ लिहा. पुढे धातू, वजन, वाचता न येणारी अक्षरं, घरात सांगत आलेली गोष्ट, हे सगळं लिहा. निर्णय वाचणाऱ्यावर सोडा.

चिकित्सक : त्या चिठ्ठीला माझी हरकत नाही. वाचणाऱ्यांना मात्र एक विनंती जोडू या. तुमच्या घरात पुतळ्यांची माळ असेल, आणि ती विकायची, मोडायची किंवा वाटायची असेल, तर खुशाल करा. फक्त त्याआधी ती न तोडता जमिनीवर पसरा. प्रत्येक पुतळीचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ उजेडात फोटो घ्या, सोबत मोजपट्टी ठेवा. एकेकीचं वजन लिहा. कुणाची माळ, कुठल्या गावची, कुणाकडून कुणाकडे आली, घरात त्या चित्राला काय म्हणत, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारून त्याच कागदावर उतरवा. पॉलिश करायला देऊ नका. भाव सांगणाऱ्याआधी अभ्यास करणाऱ्याला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. माळ घरची असेल तर ती तुमचीच राहते. जमिनीत पुरलेलं धन सापडलं असेल तर मात्र १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सोनं पुन्हा कमावता येतं. मोडलेल्या माळेचा क्रम पुन्हा लावता येत नाही.